हेडक्लार्कचा खण

५ फेब्रुवारी १९७४, मंगळवार
बस्स झालं. एकोणीस वर्षं या वाशीमच्या कापूस सोसायटीत टपाल क्लार्क म्हणून घासली. हेडक्लार्कची खुर्ची रिकामी झाली तर बसवलं कोणाला? देवेंद्रकुमारला. वय सव्वीस, बी.कॉम., मिशी अजून नीट फुटायची आहे. अकोल्याला मेन ऑफिसात अपील ठोकलंय, पण तिथे कोण वाचतं! आता फक्त बदला. शांत डोक्यानं.
(हे लिहिताना निब मोडली.)

६ फेब्रुवारी, दुपारी
टपाल लावायचं नवं लोखंडी कपाट आलं. हिरवं, रंगाचा वास मारतो. जुनं लाकडी जाणार. जुन्यावर एकही चिठ्ठी नाही, कोणता खण कोणाचा ते सगळं माझ्या डोक्यात. सोमला शिपायाला मीच बोटानं दाखवून शिकवलं. देवेंद्रकुमार गोड आवाजात म्हणाला, जानरावजी, जुन्यातली व्यवस्था नव्यात तशीच्या तशी हलवा आणि खणांवर नावं चिकटवा. म्हणजे माझं डोकं काढून कपाटावर चिकटवायचं, आणि उद्या मला हाकलायला मोकळे! बरं साहेब, म्हणालो. ‘साहेब’ म्हणताना दाढ दुखली.

७ फेब्रुवारी
चिठ्ठ्या लावल्या. अनसिंग शाखेच्या खणावर धनज. धनजच्या खणावर शिरपूर. शिरपूरच्या खणावर अनसिंग. आणि सगळ्यात खाली, डावीकडे रद्दीचा खण. त्यातले कागद भुरीबाई दर शनिवारी नेते आणि आठवडाभर त्यावर ऑफिसच्या चहाची सिगडी पेटवते. त्या खणावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: हेडक्लार्क. जळू दे बेट्याचं टपाल! सोमला खळ लावून देत होता. त्याला अक्षरओळख नाही ते बरं.

८ फेब्रुवारी
दहा दिवसांची रजा टाकली. कारण: खाजगी. रजेतला पत्ता: कोरा सोडला. शोधा म्हणावं. उद्या घराला कुलूप, हिला घेऊन सासुरवाडीला. तीन दिवसांत सगळं ऑफिस बोंबलत मागे येईल. तेव्हा मी काय बोलायचं ते पाठ केलं: ‘विचार करतो.’ आरशासमोर बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, रविवार, शिरपूर
आज ऑफिस बंद. तरी मोटरस्टँडवर एक चक्कर मारली.

१२ फेब्रुवारी
चार गाड्या पाहिल्या. कोणी उतरलं नाही. म्हणजे यात्रेकरू उतरले, ते मंदिराकडे गेले. चहावाला म्हणे, कोनाची वाट पाहून राह्यले, पाहुणे? म्हटलं, कोणाची नाही. म्हणे, मंग दर मोटारीले उठून उभे कायले राह्यता? आगाऊ माणूस. त्याच्याकडचा चहा बंद.

१३ फेब्रुवारी
आला! सोमला उतरला! मी पाठ फिरवून उभा राहिलो. म्हटलं, करू दे जरा मिनतवाऱ्या. तो सरळ पुढे निघून गेला. मलाच हाक मारावी लागली.
शिरपूर शाखेचं टपाल घेऊन आला होता. शिरपूरचंच, बरोब्बर! विचारलं, काही घोटाळा नाही झाला? म्हणे, कायचा घोटाळा जानरावजी? मले कुठं वाचता येते? कोनी बाबू पत्ता वाचून सांगते, अन् मी तुमी शिकोलं तसंच, वरून दुसरा, उजवीकून तिसरा, मोजून टाकतो. चिठ्ठ्या मात्र लई साजऱ्या दिसतात म्हणे.
माझीच शिकवणी माझ्याच छातीवर बसली. पण माणूसच आहे, चुकेल कधीतरी. मी इथे आहे हे कोणालाही सांगायचं नाही, अशी त्याला सेवालाल महाराजांची शपथ घातली. कानाला हात लावून हो म्हणाला.

१८ फेब्रुवारी
रजा संपली. जाणार नाही. स्वतःहून गेलो तर ते जिंकले. आणखी चार दिवस, न कळवता. सासूबाईंनी विचारलं, जवाईबापू, तुमचं हापिस बंद पडलं काय? म्हटलं, पडेल. मेहुण्याची बायको हल्ली भातावर तूप वाढत नाही. लक्षात ठेवलंय.

२३ फेब्रुवारी, शनिवार, वाशीम
सकाळी दहाला ऑफिसात गेलो. कोणी मान वर केली नाही. भुरीबाईनं चहा आणला. फक्कड होता, दुसरा कप मागून घेतला.
तेवढ्यात देवेंद्रकुमार धावत आला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, होता कुठं तुम्ही? चौदा तारखेला अकोल्याहून तुमची ऑर्डर आली. अपील मंजूर! पाकिटावर तुमचं नाव, खाली ‘हेडक्लार्क’. मला त्याची कॉपी. बावीसपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा कायमची माझी. तुमच्या घरी तीनदा गेलो, कुलूप. सोमलाला विचारलं तर तो नुसता कानाला हात लावतो आणि रडकुंडीला येतो. काल ट्रंक कॉल लावून दोन दिवस मागितले, तर ते नाही म्हणाले.
त्याचे डोळे खरंच ओले होते. मेला.
पाकीट कुठाय, विचारलं. म्हणाला, सोमला सवयीनं हेडक्लार्कच्या जुन्या जागीच टाकत होता, मी थांबवलं. म्हटलं, जानरावजींनी एवढ्या मेहनतीनं चिठ्ठ्या लावल्या आहेत, निदान त्यांचं पाकीट तरी त्यांच्या चिठ्ठीप्रमाणे ठेवू. माझ्या हातानं ठेवलं. खाली, डावीकडे.
वाकून पाहिलं. खण रिकामा.
भुरीबाई मागून म्हणाली, थे कागद तं म्या मागच्या शनवारीच नेले. एक लंबं पाकीट होतं, जाडजूड. आज सकाळीच लावलं. एका काडीत सिगडी धरली, पाहा.
दोन कप प्यालो होतो मी.