नव्या ब्राउझरचा कॅमेरा

अहो,

ताईबरोबर दवाखान्यात जातेय. गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल येईल. मी परतलेली असेन, पण कॉम्प्युटर लावायचं त्राण नसेल. तुम्हीच लावा, मात्र जुना ब्राउझर उघडू नका. तो नुसता गरगरत बसतो आणि कॅमेरा न विचारताच चालू करतो. नवा भराभर उघडतो, पण त्यातली बटणं कुठे लपवलीत देव जाणे. तरी तोच लावा.

त्यातला कॅमेरा काल तुम्ही संध्याकाळभर डोकं खाजवून सुरू केलात. मी तो परत बंद केलाय. चिडू नका. तो बिघडलेला नव्हताच. त्याने पहिल्यांदा परवानगी मागितली, तेव्हा मीच ‘नको’ दाबलं होतं.

लेकीने विचारलं, तर ब्राउझरला खुशाल शिव्या घाला. तिची परीक्षा संपू दे. माझ्या डोक्यावर एक केस उरला नाही हे दिसलं, तर पोर पेपर सोडून घरी येईल.

आणि हात शिवशिवलेच, तर बाथरूमचा नळ दुरुस्त करा. तो खरंच बिघडलाय.