पावणेदोन मीटर

२ फेब्रुवारी, रविवार
तनुजाला बँकेत प्रमोशन मिळालं. पोस्टिंग गोंदिया. घ्यायचं की सोडायचं, ते २४ तारखेपर्यंत लेखी कळवायचं आहे. मेथी निवडता निवडता तिनं मला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. विचार करून सांगतो म्हणालो. घाईनं उत्तर देणं हा तिच्यावर अन्याय झाला असता. आधी मला विचारते, यात तिचा विश्वास दिसतो.

दुपारी हायपरफोकल डिस्टन्सबद्दल वाचलं. कॅमेरा घेऊन तीन वर्षं झाली आणि एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती, याची लाज वाटली. एका ठरावीक अंतरावर फोकस धरायचा. मग त्या अंतराच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. तनुजा नेहमी म्हणते, तुमच्या फोटोत एक तर डोंगर पुसट, नाहीतर मी. आता दोन्ही येतील.

संकल्प: १६ तारखेपर्यंत हर्सूल तलावावर असा एक फोटो. त्यानंतर शांत डोक्यानं गोंदियाचं उत्तर.

३ फेब्रुवारी, सोमवार
ॲप नको. ज्युनिअर कॉलेजात एकोणीस वर्षं गणित शिकवतोय, तेव्हा स्वतःच मांडलं. लेन्स १८ मिलिमीटर. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून दीडपट धरून २७. शिवाय सूत्रात खाली, छेदातही, लहान सेन्सरचा कडक आकडा घेतला. दोन्हीकडून काळजी. ॲपर्चर f/11.
फोकस ३.३४ मीटरवर. निम्मं १.६७. सुरक्षित म्हणून पावणेदोन. त्याच्या अलीकडे काही येता कामा नये.

कार्ड लॅमिनेट करायला निघालो तर तनुजा म्हणाली, मागची बाजू कोरी आहे, तिथं गोंदियाचे फायदे-तोटे लिहा. विनोद असावा. मागच्या बाजूला f/8 चे आकडे लिहिले.

६ फेब्रुवारी, गुरुवार
तनुजा म्हणाली, गोंदियातही कॉलेजं आहेत, तुम्हाला वर्षभर बिनपगारी रजा मिळू शकते. किंवा मी प्रमोशन सोडते, इथंच राहू. मी म्हणालो, दोन्हींत तथ्य आहे. आणि ते खरंच आहे. त्यावर ती काहीतरी बोलली, पण मिक्सर चालू होता. परत विचारायला हवं होतं का? हवं होतं. विचारलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
हर्सूल. पहिला प्रयत्न. सकाळी सातला तलावाच्या काठावर टेप टाकून ३.३४ मीटरवर एक दगड ठेवला. टेप पाहून फिरायला आलेले चार-पाच जण जमले. एका आजोबांनी विचारलं, "मोजणी का साहेब? कुनाकुनाचं जानार?" मी फोटोसाठी मोजतोय म्हटलं. ते म्हणाले, मागच्या टायमालाही आधी फोटोच काढला होता. त्यांची समजूत घालण्यात ऊन वर आलं. ते शेवटपर्यंत दगडाजवळ उभे होते.

घरी येऊन पाहिलं. ऑटोफोकस चालूच राहिला होता. म्हैस अत्यंत शार्प. बाकी काही नाही.
कार्डावर लिहिलं: फोकस धरल्यावर मॅन्युअल करणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सायलीचा पुण्याहून फोन. होस्टेलवर असली तरी घरातलं सगळं तिला कळतं, हे चांगलंच आहे. म्हणाली, "पप्पा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण म्हणा."
रविवारी बोलणार आहे म्हणून सांगितलं. कोणत्या रविवारी, हे तिनं विचारलं. हा तिचा स्वभाव आईवर गेला आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ६
धुरकट. गच्चीवरून मुकुंदवाडी स्टेशनही नीट दिसेना, तर हर्सूलचे डोंगर कुठून दिसणार. रद्द. तनुजा साडेपाचलाच तयार होऊन बसली होती. थर्मासमध्ये चहाही भरला होता. आज हवा ठीक नाही म्हटल्यावर तिनं तोच चहा दोन कपांत ओतला आणि समोर बसली. वीस मिनिटं दोघंच होतो. बोलता आलं असतं. पण संकल्पात फोटो आधी आहे. एकदा ठरवलेला क्रम मोडला की माणूस काहीही करू लागतो.
मुदत २३ पर्यंत वाढवली.

१९ फेब्रुवारी, बुधवार
सुट्टी होती. हॉलमध्ये सराव केला. तनुजानं मध्येच विचारलं, मी गेले तर तुम्हाला कसं वाटेल. प्रामाणिकपणे शोधलं. कसंही वाटत नव्हतं. हे वाईट आहे की नुसता थकवा आहे, ते ठरवता आलं नाही, म्हणून सांगितलं नाही. जेवणाचं बघू म्हणालो. हे उत्तर बरोबर नव्हतं असं आता वाटतं.

२३ फेब्रुवारी, रविवार
हवा स्वच्छ. टेप, दगड, ट्रायपॉड, मॅन्युअल, सगळं कार्डाप्रमाणे. तनुजाला दगडाजवळ उभं केलं. मागं पाणी, त्यामागं डोंगर. मी खाली वाकून कडा तपासत होतो तेवढ्यात ती चालत पुढे आली. अगदी कॅमेऱ्यासमोर. म्हणाली, "थांब म्हणालात तर थांबते. मीही येतो म्हणालात तर दोघं जाऊ. उद्या काय लिहून देऊ?"

मी म्हणालो, "आधी थोडी मागं सरक. निदान पावणेदोन मीटर."
ती सरकली. दगडाच्याही मागं गेली. त्यानं काही बिघडत नाही, त्या बाजूला मर्यादा नाही.

फोटो उत्तम. काठावरचा चिखल, दगड, तनुजा, पाणी, डोंगर, सगळं शार्प. घरी झूम करून तिचा चेहरा पाहिला. प्रत्येक रेष स्पष्ट आहे. त्यावर काय आहे, ते कळलं नाही.
उत्तर द्यायचं राहिलं. येताना ती गाडीत डोळे मिटून होती. झोपमोड केली नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
डबा भरताना ती म्हणाली, होकार दिलाय. रात्रीच मेल केला. तिनं स्वतःच निर्णय घेतला. मी लादला नाही, हे एका परीनं बरं झालं. कॉलेजात दोन तास घेतले. प्रॅक्टिकलच्या फायली तपासल्या. दुपारी डबा उघडला. मेथी होती.

३० मार्च, रविवार
तनुजा गेली. नागपूरच्या ट्रॅव्हल्सपर्यंत सोडलं, तिथून पुढे गोंदिया. दोन बॅगा, एक पेटी, थर्मास. मी वेळेवर पोच म्हणालो. गाडी तिच्या हातात नाही, हे नंतर लक्षात आलं.

५ एप्रिल, शनिवार
तो फोटो मोठा करून फ्रेम करायला गुलमंडीत रिझवानभाईंकडे नेला. त्यांचा स्टुडिओ त्यांच्या वडिलांपासूनचा. फोटो पाहून म्हणाले, मॅडमला इतकं लांब का उभं केलं, भांडण झालं होतं का? मी कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"लेन्सपे अठरा लिखा है ना सर? तो अठराच पकडने का. छोटे सेन्सर का हिसाब नीचे लिया, वो बस था. आपने दीडपट भी करा. एकच एहतियात दो बार."

म्हणजे एकच काळजी मी दोनदा घेतली होती. कॅल्क्युलेटर मागून घेतला. १८ धरून फोकस येतो १.४९ मीटरवर. मी दगड ३.३४ वर ठेवला होता, तरीही साधारण एक मीटरच्या पुढचं सगळं शार्पच आलं असतं. पावणेदोनची गरजच नव्हती.
रिझवानभाईंनी चहा मागवला. सर, गणित सबका चुकता, म्हणाले. मी गणितच शिकवतो हे त्यांना माहीत आहे, तरी म्हणाले.

६ एप्रिल, रविवार
खात्री केल्याशिवाय मानायचं नाही. हॉलमध्ये ट्रायपॉड लावला. तनुजा त्या दिवशी जिथं येऊन उभी राहिली होती, ते अंतर आठवून मोजलं. सव्वा मीटर. तिथं जेवणाच्या टेबलाची तिची खुर्ची ठेवली आणि फोकस ३.३४ वरच धरला. खुर्ची शार्प. पाठीवरचा हळदीचा डागसुद्धा. मागची भिंत, खिडकी, समोरच्या बिल्डिंगवरच्या पाण्याच्या टाक्या, सगळं शार्प.

तनुजाला फोन केला. सगळं नीट समजावून सांगितलं, सूत्रासकट. म्हणालो, तू होतीस तिथंच उभी राहिली असतीस तरी चाललं असतं.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. गॅसचा नंबर लावलाय. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल. तेवढा त्या माणसाला सांगा."

नवीन कार्ड करायला हवं. जुन्यावरचं ३.३४ खोडलं.
खुर्ची अजून सव्वा मीटरवर आहे. गॅसवाला आला की वाटेत येईल.