मृदुलाच्या डब्याचं झाकण

मांजलपूर, बडोदे

प्रिय कमल,

आपल्या मृदुलाच्या कालच्या एका खाकऱ्याला पाऊण तास लागला आणि तोवर दुकानात ताटकळलेलं करजणचं गिऱ्हाईक कंटाळून परत गेलं. पण तिने तो अख्खा खाल्ला, काळजी नको. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?

खाण्याच्या आजारातून उठताना भरलं ताट बघून ती घाबरते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला सांगितलंय. दुकानात बसून मी आतल्या घरात खाकऱ्याच्या डब्याचं झाकण किती वेळा वाजलं ते मोजायचो. माझ्या कानांतून काही सुटत नाही, असं तुला ऐटीत लिहिलंही होतं.

अगं, ती नुसतं झाकण वाजवत होती! खाकरे तिच्या दप्तरात सापडले. पोटच्या पोरीने मला फसवावं?

"तुझ्यावर विश्वास ठेवला होता गं," मी म्हटलं.

"पण बाबा, तुम्ही एकदाही आत आला नाहीत."

खरंच गेलो नव्हतो. म्हणून कालपासून दुकान सोडून तिच्या शेजारी बसतो.

तुझा,
गोविंद