सरांचा आकडा

३ मार्च, सकाळी ९.१०
रिटायर व्हायला अठ्ठावीस दिवस. हवामानाच्या मॉडेलमधला माझा भाग स्वच्छ करूनच माझ्या जागी येणाऱ्या पोरीच्या, चष्मिषच्या, हवाली करणार. काम एकच: सरांचा आकडा काढणे. कुठे काही जळत नसलं तरी हवेत थोडी धूळ, मीठ, धूर असतोच, आणि तो ऊन अडवतो. त्यापोटी सव्वीस वर्षांपूर्वी सरांनी, माझ्या तेव्हाच्या साहेबांनी, अख्ख्या पृथ्वीला एकच आकडा ठोकून दिलाय. आता धुळीचे नवे नकाशे आलेत, म्हणजे तीच धूळ दोनदा मोजली जाते. कोडमधली एक ओळ खोडायची. अर्ध्या तासाचं काम.
सरांची खुर्ची अजून माझ्या खोलीत. तिच्यावर फाइली ठेवते. जागा वाचते, बाकी काही नाही.

४ मार्च
ओळ खोडली. मॉडेलची पृथ्वी तापली. चष्मिष म्हणाली, मॅडम, इतकी वर्षं सगळ्यांनी मॉडेलमधले आपापले भाग याच आकड्याच्या मापाने कपड्यांसारखे शिवलेत, ढगांचा भाग लिहिणाऱ्यांनी तर अस्तरासकट. फार बोलते. ओळ परत घातली. तात्पुरती.

९ मार्च
आकडा निम्मा केला. पृथ्वी निम्मी तापली. खुर्ची करकरली. लाकूड आहे, करकरणारच.

१० मार्च
चष्मिषने विचारलं, हा आकडा आणला कुठून? म्हटलं, सरांना विचार. म्हणाली, ते तर वारले ना? म्हटलं, जिवंत असतानाही सांगत नसत. नुसता चष्मा पुसत. याच आकड्यावरून समितीने त्यांना धारेवर धरलं, विभागप्रमुखपद हुकलं. माणसाने मोजूनमापून लिहावं.

१७ मार्च, दुपारी
करकर आज तीनदा. दोनदा मी दाराबाहेर उभी राहून ऐकली. निरीक्षण म्हणून.

२४ मार्च
सरांची चूक पुराव्यानिशी नोंदवायचीच. कपाटातून जुन्या कोडचे छापील कागद काढले. ओळ सापडली. शेजारी पेन्सिलीने: 'तात्पुरता. सोमवारी नीट मोजून घालते.' अक्षर माझं.
खाली सरांचं हिरवं पेन: 'बाई रजेवर, मुलगी दवाखान्यात. कोणी विचारलं तर आकडा माझा.'
तो सोमवार आठवत नाही. दवाखाना आठवतो.

२५ मार्च
खुर्चीवरच्या फाइली काढल्या. उद्या चष्मिषला सगळं सांगायचं. लेखी, माझ्या नावानिशी. पाच मिनिटांचं काम.

२६ मार्च
डोकं दुखलं. रजा.

२७ मार्च
अजून दुखतंय.

३१ मार्च, संध्याकाळी ५
चष्मिषने शेवटचं विचारलं, मॅडम, या ओळीपुढे नाव कोणाचं घालू? मी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची करकरली असती तर खरं सांगितलं असतं. करकरली नाही.
म्हटलं, सरांचं घाल. त्यांची तशी लेखी इच्छा आहे. गेलेल्या माणसाचा शब्द आपण कोण मोडणार?
आकडा तसाच ठेवलाय. तात्पुरता.
टाइप करायला तिने ती रिकामी खुर्ची पुढे ओढली. माझ्या तोंडून निघून गेलं, अगं, सर बसलेत तिथे.
चष्मिष हसली नाही. हळूच खुर्ची होती तिथे ठेवली, आणि उभ्यानेच टाइप केलं.