मज्जा इ.

३ तारीख
आलो एकदाचा तुरुंगात. साहेबाची जीप भोंगा वाजवत गावभर फिरवली, त्याचं बक्षीस अकरा महिने. खोली झकास. दोन खाटा, खिडकी, न गळणारा नळ. आमच्या घरी यातलं एक नव्हतं. प्रत्येक खाटेच्या पायाला नंबरची पत्र्याची पट्टी. पहारेकरी इतके ढ, की माणसाच्या तोंडाकडं बघतच नाहीत, पट्टी वाचतात. दुसऱ्या खाटेवर शिंपीकाका. वीस तारखेला सुटका आहे, तरी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

५ तारीख
डॉक्टर आला, मागं कारकून. म्हणे मज्जा द्या, महिनाभर सूट घ्या. मी म्हटलं, घ्या की पोतंभर, माझ्याकडं उतू चाललीय. सगळी बराक खो खो हसली. डॉक्टर ठोंब्यासारखा उभा. हाडातल्या मगजाला मज्जा म्हणतात म्हणे. फॉर्मवर होतं, ‘मज्जा इ.’ ठोकली सही. आईला कळवलं, लवकर येतोय.
काका म्हणाले, शिंप्याला ‘इत्यादी’ म्हटलं की उरलेलं कापड शिंप्याचं. म्हातारं भ्रमिष्ट झालंय.

९ तारीख
कमरेत ही लांब सुई. बदल्यात दूध, केळं आणि ‘दानवीर’ छापलेला कागद. कागदावर माझा नंबरसुद्धा चुकलाय, गाढव कुठले.

१३ तारीख
परत बोलावलं. आता किडनी हवी म्हणे. मी म्हटलं, ठरलं काय, मागताय काय. कारकुनानं फॉर्मवरच्या ‘इ.’वर बोट ठेवलं. आणखी चार महिने सूट.

१६ तारीख
कुशीत वीस टाके. लेकाच्यांना धड शिवताही येत नाही. काकांनी बघून नाक मुरडलं. कारकून सांगून गेला, अठराला डोळा. एकच. दुसरा आहे ना, म्हणे.

१८ तारीख, सकाळ
काका आंघोळीला गेले तेवढ्यात पट्ट्या बदलल्या. माझी त्यांच्या खाटेला, त्यांची माझ्या. ढ लोक आले, पट्टी वाचली, काकांना घेऊन गेले. काका जाताना पट्टी बघून हसले. पहिल्यांदाच.
परवा त्यांच्या नंबरावर मी बाहेर. आई दाराशी येणार आहे.

१९ तारीख
काका आले. एका डोळ्यावर फडकं, आणि शीळ घालतायत. सदरा काढला. गळ्यापासून कमरेपर्यंत टाकेच टाके — सहा वर्षांपूर्वी त्यांनीही सही केलेली. त्यांच्या फॉर्मवर आता एकच बाकी, म्हणाले. काळीज. ते काढलं की पूर्ण सूट. हीच ती सुटका.

२० तारीख
पट्टी निघत नाही — काकांनी तारेनं शिवलीय, दुहेरी टाका — नखं तुटली —
आले. पट्टी वाचतायत. मी तो नाही, तोंड बघा म्हटलं — बघत नाहीत —
थट्टा होती म्हटलं डॉक्टरला — ओळखलं त्यानं मला — हसतोय — आता कुठं कळला म्हणे विनोद — पोतंभर म्हणाला होतास ना, म्हणे, मज्