दुसऱ्याच्या बांधावर माती

१७ जानेवारी २०१०

दादूभावोजींनी आज देवळात सगळ्यांसमोर मला 'समुद्राची सेक्रेटरी' म्हटलं! अख्खं गाव हसलं. त्यांची बायको, माझी जाऊ शांती, तिने तर पदर तोंडात कोंबला. हसा म्हणावं. अंगणवाडीत पोरं मला रोजच हसतात.

झालं असं की रोशनीच्या कॉलेजचे सर पनवेलहून आले होते. मीच लेकीला म्हटलं होतं, बोलाव त्यांना. खाडीचं पाणी वाढतंय का आणि आपला खारबांध पुरेल का, एवढंच विचारायचं होतं. सर भला माणूस. पण दर वाक्याला 'शक्यता आहे', 'अंदाज आहे', 'अभ्यास चालू आहे'. समुद्र चढतोय, हे नक्की. आपल्या खाडीत किती चढेल आणि कधी, हे नक्की नाही. झालं! भावोजी उठलेच. "म्हंजे तुमाला पन म्हायती नाय. मंग आमी माती कशाला टाकायची?"

सरांना घाम फुटला. खरं बोलणाऱ्या माणसाची अशी फजिती झाली की मला फार राग येतो.

१८ जानेवारी

राग अजून उतरला नाही. कुणाशी बोलू? वहीबाई, तुलाच सांगते.

बांध एकच, खाडी आणि आमच्या भातशेतांच्या मधला. पण त्याची वाटणी घरागणिक. ज्याचं शेत मागे, त्याने पुढचा तेवढा बांध सांभाळायचा. दुसऱ्याच्या वाटणीवर घमेलंभर जरी माती टाकली तरी ते शेतावर हक्क सांगितल्यासारखं! ह्यावरून आमच्या गावात डोकी फुटली आहेत. आमचे हे गेले तेव्हापासून भावोजी म्हणतात, माझ्या वाटणीमागचं मधलं शेत त्यांचं. मी म्हणते माझं. तेच एक शेत आहे ज्याच्यावर आमचं मायलेकींचं वर्षाचं पोट चालतं.

गेल्या पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत आलं होतं. ओहोटीनंतर मी गेले तर माथ्यावर काटक्या, प्लास्टिक, फेस. भावोजी म्हणतात, त्या दिवशी वारा होता. असेल बाबा, वाराच असेल! मलाही कुठे नक्की ठाऊक आहे? पण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं तिथे भात नाही. हे मात्र नक्की, आणि हे भावोजींनाही ठाऊक आहे.

२४ जानेवारी

रोशनी पेपर घेऊन तोंड पाडून बसली होती. हिमालयातलं बर्फ कधी वितळणार ते शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं, ते साल चुकलं म्हणे. "आई, आता काका तर डोक्यावरच बसतील." बसू देत! डॉक्टरने बाळंतपणाची तारीख चुकवली म्हणून पोटातलं पोर खोटं होतं का?

हे वाक्य मला नेमकं देवळातलं भांडण संपल्यावर सुचलं. नेहमीचंच.

७ फेब्रुवारी

सुरुवात केली. भरती लहान असते ते चार दिवस धरून मी, रोशनी आणि ओवे गावाहून आलेली तिची मैत्रीण निशा. खाडीच्या कडेचा काळा चिखल फावड्याने कापायचा, पेंढा घालून तुडवायचा, घमेल्याने वर. कंबर गेली. निशाची चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच.

१४ मार्च

माझी वाटणी झाली! हातभर उंच. वर उभी राहिले तर खाडीपलीकडचे टॉवर दिसले. कुणाला काही बोलले नाही, पण गावातून जरा मान वर करूनच चालले.

१५ मार्च

मी येडी. ठार येडी!

आज सकाळी बांधावर बसले आणि शेजारी बघितलं. माझा बांध संपतो तिथे भावोजींची वाटणी सुरू होते, आणि तिथे बांध एकदम खाली, पायरी उतरावी तसा. पाणी माझ्यापुढे हात जोडून थांबणार आहे का? तिथून शिरेल आणि मागून माझ्या शेतात येईल. एवढी कंबर मोडून मी काय वाचवलं? काहीच नाही. गावात आजवर सगळे हेच करत आलेत. आपली वाटणी झाली की हात झटकायचे.

सगळ्यांनी केल्याशिवाय उपयोग नाही. म्हणजे परत देवळात उभं राहायचं. राहीन.

४ एप्रिल

देवळात बैठक. ह्या वेळी सरांना बोलावलं नाही. कशाला त्यांना परत भट्टीत घालायचं.

मी म्हटलं, माझं माहेर चिरनेरकडचं. आमचे आजोबा जंगल सत्याग्रहाला गेले तेव्हा स्वराज्य नक्की मिळणार असं त्यांना कुणी लिहून दिलं नव्हतं. तरी गेले ना?

चिरनेरचा गोळीबार सगळ्यांनाच ठाऊक. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हनून तं गोल्या झारल्या!" हशा. मलाही हसू आलं, काय करू.

मग भावोजी. "विमानतल येनार हाय. जमिनी जानारच. त्या जमिनीसाठी कोन मरतंय?" सगळ्यांनी माना हलवल्या. मग माझा आवाज चढला. म्हटलं, ते विमानतळ पाहिलंय का कुणी? नुसतं येणार येणार, आणि तुम्ही भरपाईच्या भरवशावर घरांच्या गच्च्या ओतायला लागलात! त्यावर विश्वास. समुद्र रोज दोनदा दारात येतो, त्यावर नाही. मी चुकले तर तुमचं काय गेलं? उन्हाळ्याची मेहनत. आणि तुम्ही चुकलात तर?

मग म्हातारी ठमाबाई उठली. "माज्या पोरांना लावते कामाला. बसून तरी काय करतायत, क्रिकेटच खेलतायत." मग एकेक करून सगळे हो म्हणाले. भावोजी सोडून. ते निघूनच गेले.

२ मे

सगळीकडे माती चढतेय. भावोजींची वाटणी तशीच.

शांती नळावर भेटली. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच, "वयनी, मी बोलले असं सांगू नको. त्यांचा गुडगा पार गेलाय. खाली बसता येत नाय. पोरगा कल्पेश टेम्पोवर, त्याला टाइमच नाय." आणि दुसऱ्याला कसं बोलावणार? दुसऱ्याची माती आपल्या बांधावर, म्हणजे शेत गेलं. माझी तर नकोच नको!

म्हणजे शास्त्रज्ञ नाही, विमानतळ नाही. गुडघा! आणि मी ह्या माणसाशी चार महिने हवामानावर भांडत बसले. हसावं की रडावं.

५ मे

बोलावंसं वाटतंय. पण काय बोलू? "मी टाकते माती" म्हटलं की म्हणणार, शेत गिळायला आली.

९ मे

केलं. रोशनी म्हणते, आई तुला वेड लागलं. लागलं असेल.

सकाळी सगळे बांधावर कामाला होते, भावोजी काठी टेकून लांबून बघत होते. मी चिखलाचं घमेलं भरलं आणि सरळ त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, "भावोजी, माझ्या वाटणीवर हे तुम्ही टाका."

सगळ्यांची फावडी थांबली. शांतीने तोंडावर हात ठेवला. माझ्या बांधावर त्यांची माती, आणि तीही मीच सांगून, गावासमोर! म्हणजे मधलं शेत त्यांचं म्हणाले तर मला तोंड उघडायला जागा नाही. पाणी येईल का ते ठाऊक नाही, भावोजी काय करतील तेही नाही. पण त्यांची वाटणी खाली राहिली तर शेत तसंही जाणारच होतं.

भावोजींनी काठी टाकली, घमेलं घेतलं, लंगडत माझ्या बांधावर गेले आणि ओतलं. पायाने दाबलं पण नीट.

मग म्हणाले, "आता माझ्याकडं कोन टाकतंय? का सगल्यांचे हात मोरले?"

ठमाबाईची पोरं धावलीच.

३० मे

झाला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. कुणाची वाटणी कुठे संपते ते आता दिसत नाही.

१३ जुलै

मोठं उधाण म्हणून गाव बांधावर जमलं. पाणी आलं, जुन्या माथ्याच्याही खूप खालून परत गेलं! "सेक्रेटरीबाय, समुद्र रजेवर हाय काय?" घरी येईपर्यंत तेच. बायका कुजबुजतात, न आलेल्या पाण्यापायी हिने शेत देऊन टाकलं.

शेताचं भावोजी काही बोलत नाहीत. मीही विचारत नाही. भात मात्र हिरवंगार आहे. पाणी आलं नाही ना? बरं झालं. ते यावं म्हणून मी नवस थोडाच केला होता.

१२ ऑगस्ट

दुपारची भरती. आज वारा पण होता. पाणी जुन्या माथ्याच्या वर आलं, सगळ्यांनी पाहिलं. आमचा बांध कुठेही हलला नाही. आणि सगळे ओरडत असताना पाणी मागून आलं. शेजारच्या गावाचा बांध फुटला, तिथून आतल्या आत आमच्या भातात. सगळं गेलं, माझं, भावोजींचं, सगळ्यांचं. मी बांधावर बसून मोठ्याने रडले.

भावोजी काठी टेकत आले, शेजारी उभे राहिले. "वयनी, त्या गावात तुझ्या वलखीचं कोन हाय?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मंग सकाली घमेली घेऊन निघू. मी पन येतो."