चढलाय का उतरलाय?

प्रिय अब्बा,

पत्र मराठीत लिहितेय म्हणून रुसू नका. घरात आपण आपली बोली बोललो, दुकानात गिऱ्हाइकांशी मराठी, आणि लिहायचं म्हटलं की माझा हात मराठीतच चालतो. पेपर तर तुम्हीही मराठीच वाचायचात, शेवटच्या पानापासून सुरुवात करून.

उद्या सकाळच्या एसटीनं मी मिरजगावला चाललेय. देवळातला पखवाज पेटीशी मिळवून द्यायला. एकटी. दुपारी अम्मीची खिचडी दोन घासांपुढे गेली नाही. शेवटी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तुमच्या पाटावर बसले. कुणाशी बोलू? तबल्याच्या सुराचं मी आजवर तुमच्याशिवाय कुणाशी बोललेच नाही.

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. दुकान बंद पडणार असं सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. तबल्यावर कातड्याची पुडी चढवणं, ती ताणायला चामड्याची वादी ओढणं ही बाईमाणसाची कामं नव्हेत, असं चाचांनी चहा पिता पिता मला तीनदा ऐकवलं. मीही हट्टाला पेटले. पुडी चढवते, वादी ओढते, हाताला घट्टे पडलेत. पुडीवरच्या शाईचे थर अजून तुमच्यासारखे जमत नाहीत, पण गिऱ्हाईक परत येतं. एवढं वाचून तुम्ही खूश झाला असाल, तर थांबा. पुढचं वाचा.

अब्बा, मी फोनवर सूर लावते.

त्यासाठी एक अ‍ॅप मिळतं. वादीखालच्या लाकडी गट्ट्यावर हातोडी मारायची, थाप द्यायची आणि फोनकडे बघायचं. सुई डावीकडे असेल तर सूर उतरलाय, उजवीकडे असेल तर चढलाय, मधोमध आली की हिरवा दिवा. बस्स. तुम्ही डोळे मिटून अर्धा अर्धा तास एका तबल्याशी झटायचात, ते माझं दहा मिनिटांत होतं. चुकतही नाही. तो हिरवा दिवा लागला की पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटायचं मला. तुम्ही गेल्यावर 'हं, झालं' असं म्हणणारं दुसरं होतं तरी कोण?

गिऱ्हाईक समोर असलं की फोन मांडीखाली ठेवते. चोरी नाही ही, पण चोरासारखीच वागते. तुम्ही ओरडला असतात का हो?

मिरजगावच्या तात्यांचा पखवाज गेल्या महिन्यात आला होता. तेच ते, देवळातल्या भजनात वाजवणारे, पांढऱ्या मिशांचे. दोन्हीकडची पुडी नवी घालायची होती. तुमची जुनी अट त्यांना पाठ होती, पेटी आणल्याशिवाय पखवाज मिळायचा नाही. त्यांनी फोनवर विचारलं, "पोरी, पेटी आनू का संगं?" मी म्हटलं, कशाला एवढं ओझं वागवताय तात्या, सूर पेटीच्या काळी दोनचाच ना, मी लावून ठेवते. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं. खरं सांगायचं तर शहाणपणा दाखवायला म्हटलं. तुमची ती अट मला नेहमीच म्हातारहट्ट वाटायची. अख्खी पेटी एसटीच्या टपावर बांधून आणायला लावायची माणसांना!

तात्या पखवाज घेऊन गेले. काल सकाळी त्यांचा फोन आला.

"पोरी, काम झ्याक झालंय. पन आमच्या पेटीशी त्याचं जमंना. काल भजनात बुवा दोनदा गायचे थांबले."

"तात्या, काळी दोनच आहे. मशीनवर बघून लावलाय." पहिल्यांदाच तोंडातून निघून गेलं.

"मशीन काय आमच्यासंगं भजनाला बसनार हाय व्हय? आमची पेटी जुनी हाय, तिचा सूर लई दिसांपास्नं जरा चढाय. तुज्या बापाला म्हाईत हुतं. त्यो कदी बोलला न्हाई, तिच्यापरमानं लावून द्यायचा."

तेव्हा कळलं अब्बा, तुम्ही पेटी का मागवायचात. काळी दोनसाठी नाही, त्यांच्या काळी दोनसाठी. मला एवढंही कळू नये? दहा वर्षं तुमच्या शेजारी बसून मी काय केलं?

तात्यांनी स्वतःच ठोकून बघितलं, पण नव्या पुडीवर जास्त हातोडी चालवायची त्यांना भीती वाटते. परवा तिथे सप्ता बसतोय. म्हणून मी उद्या जायचं आणि पेटी पुढ्यात ठेवून, सगळ्या टाळकऱ्यांसमोर पखवाज लावायचा. फोन तिथे कामाचा नाही. शेजारी पेटी चालू, मांडव ठोकणं चालू, माणसं बोलतायत. इथे बाहेर रिक्षा थांबली तरी सुई थयथयाट करते. म्हणजे उरला फक्त माझा कान. आणि तो आहे की नाही, हेच मला माहीत नाही. नाही जमलं तर मिरजगाव जाईल, मिरजगावचं ऐकून आसपासची गावं जातील, आणि चाचांना हवं तेच होईल. दुकान राहणार की मिटणार, ते उद्या दुपारपर्यंत कळेल.

हे सगळं मी काल संध्याकाळी अम्मीपुढे ओकले. म्हटलं, अब्बांचा कान अल्लाहनं वेगळाच बनवला होता, मला तो कुठून येणार? अम्मी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शेवटची तीन वर्षं त्यांना वरचा सूर ऐकूच येत नव्हता."

मला वाटलं, म्हातारी काहीतरी बडबडतेय.

मग तिनं कपाटातून डबी काढली. कानाचं मशीन. सावेडीच्या डॉक्टरांकडून तुम्ही दोघं जाऊन आणलेलं, मला न सांगता. तुम्ही ते एक दिवस घातलंत आणि अम्मीला म्हणालात, हे घातलं की तबल्यावर थाप पडते आणि पत्रा वाजतो. माणसांचं बोलणं समजतं, पण सूर मरतो. त्यानंतर ते डबीतून बाहेर आलं नाही. "मग काम कसं करायचे?" मी विचारलं. अम्मी म्हणाली, "तू होतीस ना."

अब्बा, मी रात्रभर कूस बदलत होते. प्रत्येक गट्ट्यावर हातोडी मारून तुम्ही थाप द्यायचात, माझ्याकडे बघायचात आणि विचारायचात, "सांग नसरीन, चढलाय का उतरलाय?" मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे आणि मी चुकते का ते बघताय. किती घाबरायचे मी त्या प्रश्नाला! तुम्हाला उत्तर ठाऊकच नव्हतं?

आणि त्यातून आठवू नये ते आठवलं. किती दिवस मी कंटाळलेली असायचे. कधी मैत्रीण बाहेर थांबलेली असायची, कधी भूक लागलेली असायची. मग मी नीट न ऐकता म्हणायचे, 'बरोबर आहे, अब्बा.' तुम्ही हातोडी खाली ठेवायचात आणि तबला गिऱ्हाइकाला द्यायचात. असे किती तबले गेले असतील?

एक तर मला पक्का माहीत आहे. संगमनेरच्या गाण्याच्या सरांचा. ते एवढ्या लांबून परत आले, तबला एका बाजूला उतरलेला होता. मी त्यांच्यासमोर तुम्हाला म्हणाले, "अब्बा, तुमचं लक्ष कुठे असतं हल्ली?" तुम्ही सरांना हात जोडलेत. म्हणालात, "चूक माझी आहे, कान माझा चुकला." आणि मला पाणी आणायला पाठवलंत.

चूक माझी होती. तुम्हाला तेव्हाही माहीत होतं ना? एका शब्दानं बोलला नाहीत. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आपटला होता, तेही आठवतंय. मला माफ करा. ही माफी तुम्हाला वर्षापूर्वी मिळायला हवी होती.

पण तुमच्यावर रागही आहे माझा, तो गिळणार नाही. का नाही सांगितलंत? गिऱ्हाइकांपासून लपवलंत ते समजू शकते. बहिऱ्याकडे तबला कोण टाकणार? पण माझ्यापासून? सांगितलं असतंत, तर मी जीव कानात आणून ऐकलं असतं. की तेच नको होतं तुम्हाला? ओझं पडलं की पोर सूर ऐकायच्या ऐवजी भीती ऐकेल, असं वाटलं का? तसं असेल तर तुमचं फार चुकलं नाही, कारण आज दिवसभर मी तेच करतेय.

अम्मी म्हणते, तीन वर्षं दुकान तुझ्याच कानावर चाललं, आता कशाला घाबरतेस? तिचं बोलणं ऐकायला गोड आहे. पण तेव्हा चुकले तर हात जोडायला तुम्ही होतात. उद्या ते मलाच करावं लागेल, आणि तात्या तुमच्या मैत्रीखातर गप्प बसतील, तेही मला नको आहे. आज सकाळपासून दुकानातल्या चार तबल्यांचे गट्टे सैल करून पुन्हा लावले, फोन उपडा ठेवून. मग फोन सुलटा करून पाहिलं, तीन बरोबर निघाले. चौथा किंचित चढा होता. चारातला एक, अब्बा. आणि उद्या तर एकच आहे.

फोन मी फेकून देणार नाही, खोटं कशाला बोलू? नवी पुडी पहिल्यांदा ताणताना तो उपयोगी पडतो. पण यापुढे कुणी पेटी आणू का विचारलं, तर आणा म्हणेन, आणि नाही जमत म्हणाले तर मीच पेटीच्या गावाला जाईन.

आणि हे वचन घ्या. ज्या दिवशी माझ्या कानाला सूर लागेनासा होईल, त्या दिवशी शेजारी बसलेल्याला मी ते तोंडानं सांगेन, डबीत ठेवणार नाही. उद्या देवळात बुवा पेटीवर बोट ठेवतील, मी थाप देईन, सगळे माझ्या तोंडाकडे बघतील. कितीही वेळ लागला, कुणी कितीही उसासे टाकले, तरी नीट ऐकल्याशिवाय मी 'बरोबर आहे' म्हणणार नाही.

तुमची,
नसरीन